संत्र्याच्या बागेत आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी: कोणतं औषध कोणत्या पेशीला लागतं?

प्रश्न वरुड तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बी.एस्सी. कृषीचं पहिलं वर्ष, घरी संत्र्याची बाग, खालच्या वावरात पराटी (कापूस) आणि सोयाबीन. ती विचारते: "सर, आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींमधल्या फरकाचा तक्ता पाठ आहे. पण कृषी केंद्रवाले दादा कोणत्याही रोगाला स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कार्बेन्डाझिम एकत्रच देतात. खैऱ्याला (कँकर) तेच, डिंक्यालाही (बुंध्यातून डिंक गळणं) तेच. बाबा म्हणतात, एकानं नाही तर दुसऱ्यानं लागू पडेल. या तक्त्याचा आमच्या बागेशी काही संबंध आहे का? आणि ट्रायकोडर्मा व रायझोबियम दोन्ही जैविकच, मग ती एकत्र लावली तर चालतील का?"

संबंध आहे, आणि बाबांच्या खिशाशी तर जास्तच आहे. माझं आयुष्य वनस्पती रोगशास्त्रात गेलं आणि त्यातला बराच काळ चुकीच्या डब्यावर गेलेले पैसे मोजण्यात. रोगावरचं औषध शेवटी विषच असतं. ते झाडाला न मारता रोगजंतूला मारतं, कारण रोगजंतूच्या पेशीत असा एखादा भाग असतो जो झाडाच्या पेशीत नसतो, किंवा वेगळ्या घडणीचा असतो. तुझा तक्ता म्हणजे अशा भागांची यादी आहे. म्हणून प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहीत जा: या फरकावर घाव घालणारं औषध कोणतं?

तक्ता आधी उरकून टाकू. आदिकेंद्रकी पेशीत पटलानं वेढलेलं केंद्रक नाही, डीएनए बहुधा एका गोल गुणसूत्रात असतो, तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) आणि हरितलवकं (क्लोरोप्लास्ट) नाहीत, रायबोझोम (प्रथिनं बनवणारे कण) 70 एस, आकार साधारण 1 ते 5 मायक्रोमीटर. दृश्यकेंद्रकी पेशीत केंद्रक आहे, डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून अनेक गुणसूत्रांत ठेवलेला, आत पटलांचे कप्पे, पेशीद्रवातले रायबोझोम 80 एस, आकार बहुधा 10 ते 100 मायक्रोमीटर. हे तुला येतं, त्यामुळे पुढं जाऊ.

आता घरचे रोग या दोन रकान्यांत टाक. लिंबावर आणि कधी संत्र्यावर दिसणारा खैऱ्या झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो, म्हणजे आदिकेंद्रकी. पराटीच्या पानावर शिरांच्या मध्ये अडकलेले कोनाकृती, तेलकट ठिपके पडतात, तो जिवाणूजन्य करपा. त्याचा जिवाणू आणि खैऱ्याचा जिवाणू आज एकाच जातीचे दोन प्रकार मानले जातात. संत्र्याचं ग्रीनिंगही जिवाणूमुळेच, तो सिट्रस सिला या किडीबरोबर येतो आणि झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. तूर उबळते (मर रोग) ती फ्युजारियम बुरशीमुळे, सोयाबीनचा तांबेराही बुरशीच. हे दोन्ही दृश्यकेंद्रकी. डिंक्या आणि मूळकूज फायटोफ्थोरामुळे. तोही दृश्यकेंद्रकी, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, खाली येतेच. सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूमुळे होतो. विषाणूला पेशीच नसते, तो कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर फवारायला औषधही नाही. तिथं पांढरी माशी आवरायची आणि रोगट झाडं उपटायची, एवढंच हातात असतं.

पहिला डबा स्ट्रेप्टोसायक्लिन, जिवाणूंवरचं औषध. त्यात 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लिन असतं. दोन्ही जिवाणूच्या रायबोझोमच्या 30 एस या लहान भागाला चिकटतात (मोठा भाग 50 एस). स्ट्रेप्टोमायसिनमुळे डीएनएवरून उतरलेला संदेश चुकीचा वाचला जातो, टेट्रासायक्लिनमुळे नवं अमिनो आम्ल जागेवर बसत नाही. प्रथिनं बिघडतात किंवा थांबतात. बुरशीच्या पेशीद्रवातला रायबोझोम 80 एस, त्याचा लहान भाग 40 एस, घडण वेगळी. म्हणून तुरीच्या मर रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिनचा उपयोग शून्य. दरवर्षी कुणीतरी विचारतं की 30 आणि 50 मिळून 80 व्हायला हवेत, 70 कसे? एस हे वजनाचं माप नाही. अपकेंद्री यंत्रात कण किती वेगानं तळाशी बसतो त्याचं ते माप आहे, आणि तो वेग आकारावरही अवलंबून असतो, म्हणून सरळ बेरीज होत नाही.

इथपर्यंत पुस्तकातलं. पण 100 पीपीएम, म्हणजे 10 लिटर पाण्याला 1 ग्रॅम, याच्या दुप्पट-तिप्पट स्ट्रेप्टोसायक्लिन मारलेली कोवळी पालवी कडेनं पिवळी पडलेली तू कदाचित पाहिली असशील. झाड तर दृश्यकेंद्रकी, त्याचे रायबोझोम 80 एस. मग त्याला हे औषध का बाधावं? कारण 80 एस हे फक्त पेशीद्रवात. हरितलवकाच्या आत स्वतःचा गोल डीएनए असतो आणि रायबोझोमही जिवाणूच्या धाटणीचे, 70 एस. औषध आत पोचलं की हरितलवकाचं काम अडतं आणि पान पिवळं पडतं.

याचं कारण अब्जावधी वर्षांपूर्वीचं आहे. हरितलवक एके काळी स्वतंत्र जगणारा सायनोबॅक्टेरिया होता. तंतुकणिकाही एका जिवाणूपासूनच आली. दुसऱ्या पेशीच्या आत शिरून ते तिथंच स्थायिक झाले. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ही मांडणी नव्यानं पुढं आणली तेव्हा फार जणांना ती पटली नव्हती. पुढे डीएनएच्या तुलनेनं ती टिकली. म्हणजे तुझ्या तक्त्यातली उजवी बाजू डाव्या बाजूला पोटात घेऊनच उभी आहे. परीक्षेत "दृश्यकेंद्रकी पेशीत 80 एस रायबोझोम" एवढंच लिहिलंस तर मी अर्धा गुण कापेन. तंतुकणिका आणि हरितलवकातले 70 एस धाटणीचेही लिही.

माणसातही याचा पुरावा सापडतो. क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं दिली गेली. या औषधानं कानाला इजा होऊ शकते हे माहीत होतंच, पण काही कुटुंबांत अगदी थोड्या डोसनंही ऐकू येणं जायचं आणि हा दोष आईकडून मुलांकडे यायचा. त्यांच्या तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये 1555 या जागी एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे तिथला रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमसारखा दिसू लागतो आणि औषध त्यालाच जाऊन बसतं.

दुसरा डबा कार्बेन्डाझिम, बुरशीनाशक. पेशी दोन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणारे बारीक तंतू ट्युब्युलिन प्रथिनाचे असतात. कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिनला चिकटतं, तंतू बनत नाहीत, विभाजन अडतं. जिवाणूत हे तंतूच नाहीत. तो गुणसूत्राची नक्कल करतो आणि मधोमध एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं आवळून दोन होतो. ते प्रथिन ट्युब्युलिनचं दूरचं नातलग आहे खरं, पण कार्बेन्डाझिमच्या तावडीत येत नाही. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल या गटाचंही असंच. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो बनवणारं विकर (एन्झाइम) ही औषधं बंद पाडतात. झँथोमोनासला एर्गोस्टेरॉल लागतच नाही. म्हणून खैऱ्यावर कार्बेन्डाझिम फवारणं म्हणजे नुसती पानं धुणं.

आता डिंक्या. इथं मात्र "दृश्यकेंद्रकी आहे ना, मग बुरशीनाशक मारा" हा हिशोबही फसतो, आणि वरुड-मोर्शीच्या बागांत पैसा सगळ्यात जास्त इथंच वाया जातो. फायटोफ्थोरा बुरशीसारखा धाग्यांनी वाढतो, बीजाणू देतो, म्हणून पूर्वी त्याला बुरशीतच धरायचे. प्रत्यक्षात तो ऊमायसीट आहे. त्याचं जवळचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी आणि डायटम या एकपेशीय शैवालाशी. बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, याची मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकानची. हा स्वतः स्टेरॉल बनवत नाही, लागेल ते बाहेरून घेतो. त्यामुळे कोनॅझोल गटाला बंद पाडायला तिथं विकरच नाही. त्याचं ट्युब्युलिनही कार्बेन्डाझिमला दाद देत नाही. म्हणून डिंक्याला कार्बेन्डाझिम चालत नाही. मेटॅलॅक्झिल चालतं, कारण ते ऊमायसीटमधलं रायबोझोमचं आरएनए बनवणारं विकर अडवतं. फोसेटिल-अॅल्युमिनियमही चालतं.

शिवाय याचे बीजाणू पाण्यात पोहतात. प्रत्येकाला दोन कशाभिका (पोहायच्या शेपट्या) असतात, एक केसाळ आणि एक गुळगुळीत, दोन्हींच्या आत ट्युब्युलिनच्या नळ्यांची 9+2 मांडणी, म्हणजे कडेला नऊ जोड्या आणि मधे दोन नळ्या. जिवाणूच्या कशाभिकेशी तुलना कर. ती फ्लॅजेलिन प्रथिनाची असते आणि बुडाशी असलेल्या प्रथिनांच्या मोटरीवर गरगर फिरते. दृश्यकेंद्रकी कशाभिका वाकून वळवळते, फिरत नाही. तक्त्यात ही ओळ सहसा शेवटी, घाईत लिहिलेली असते. पण बागेत तिचा अर्थ सरळ आहे: फायटोफ्थोराला पोहायला साचलेलं पाणी हवं. भारी काळ्या जमिनीत, आळ्यात पाणी तुंबलेलं असताना, कलमाचा डोळा मातीत गेलेला असताना कितीही महाग औषध ओतलंस तरी तो परत येणार. पाण्याचा निचरा कर, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं कर, आणि पावसाळ्याआधी व नंतर बुंध्याला बोर्डो मलम लाव: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तांबं मात्र दोन्ही रकान्यांतल्यांना मारतं. ते एकाच भागावर नेम धरत नाही, जी प्रथिनं सापडतील ती बिघडवतं. कॉपर ऑक्सिक्लोराईड खैऱ्यालाही चालतं आणि बुरशीलाही, ते याचमुळे. पण ते पृष्ठभागावर राहतं, आत शिरलेल्या रोगापर्यंत पोचत नाही.

केंद्रक असणं-नसणं याचा परिणाम बघायचा तर खालच्या वावरातल्या पराटीकडे ये. जिवाणूत डीएनए आणि रायबोझोम एकाच दालनात. संदेश लिहून पूर्ण व्हायच्या आत त्याच्या सुरुवातीच्या टोकावर रायबोझोम बसून प्रथिन बनवू लागतात. थ्रेशरच्या एका तोंडातून सोयाबीनच्या पेंढ्या आत जात असताना दुसऱ्या बाजूनं पोत्यात दाणे पडावेत, तसं. दृश्यकेंद्रकी पेशीत संदेश आधी केंद्रकात लिहिला जातो, त्यातले इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे तुकडे, कापून काढले जातात, शेपटाला अॅडेनिनची माळ लावली जाते, आणि मगच तो बाहेर येतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं क्राय जनुक पराटीत घालायचं ठरलं तेव्हा हीच अडचण आली. जनुक जसंच्या तसं घातलं तर झाडात प्रथिन नगण्य बनायचं. जिवाणूच्या त्या जनुकात ए आणि टी ही अक्षरं फार आहेत. झाडाचं केंद्रक अशा तुकड्यांना इंट्रॉन किंवा "संदेश इथं संपला" अशी खूण समजतं आणि तिथंच कापतं. मग प्रथिनाची रचना तशीच ठेवून जनुकाची अक्षरं झाडाला सोयीची होतील अशी नव्यानं लिहिली गेली, आणि झाडातलं त्या प्रथिनाचं उत्पादन काही ठिकाणी शंभर पटींपर्यंत वाढलं. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तो कापूस म्हणजे आदिकेंद्रकी जिवाणूचं जनुक, पण दृश्यकेंद्रकी पेशीला वाचता येईल अशा अक्षरात. पुढं गुलाबी बोंडअळीनं त्याला दाद देणं सोडलं, हे आपण सगळ्यांनी भोगलं. तो वेगळा विषय.

जिवाणूंना कमी लेखायची सवय मात्र या तक्त्यामुळेच लागते. "केंद्रक नाही, तंतुकणिका नाही, कप्पे नाहीत" अशी नकारघंटा वाचून वाटतं की ही अर्धवट पेशी आहे. झँथोमोनासकडे सुमारे 50 लाख अक्षरांचा डीएनए आहे आणि माणसाकडे 300 कोटींहून जास्त. पण हवेतला नायट्रोजन अमोनियात बदलणं माणसाला, संत्र्याला, बुरशीला कुणालाच जमत नाही. ते काम आदिकेंद्रकींचंच. सोयाबीनची गाठ नखानं फोडून बघ. आत गुलाबी दिसली तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. 2024 मध्ये एका समुद्री शैवालात नायट्रोजन स्थिर करणारं पेशीअंगक सापडल्याचं जाहीर झालं, पण तेही मुळात आत स्थायिक झालेला सायनोबॅक्टेरियाच निघाला. आणखी एक गंमत: सोयाबीनच्या मुळांतला रायझोबियम आणि संत्र्याचं ग्रीनिंग करणारा लिबेरिबॅक्टर एकाच गणातले भाऊबंद आहेत. तंतुकणिकेचा पूर्वजही त्यांच्याच मोठ्या समूहाच्या आसपासचा मानला जातो.

त्यांचं दुसरं बळ म्हणजे वेग आणि देवाणघेवाण. सोयीच्या वातावरणात काही जिवाणू वीस मिनिटांत दोन होतात. शिवाय मुख्य गुणसूत्राबाहेर प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान गोल कड्या असतात, त्या एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. स्ट्रेप्टोमायसिनला आणि तांब्याला दाद न देणारी जनुकं अशीच पसरलेली आढळली आहेत. अमेरिकेत सफरचंद-नाशपतीच्या अग्निकरप्यावर हे औषध वापरता वापरता जिवाणू त्याला सरावला. माणसांच्या उपचारात लागणारी औषधं पिकांवर उधळली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्यानं थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. म्हणून "एकानं नाही तर दुसऱ्यानं" हे बाबांचं धोरण मला खटकतं. डिंक्यावर मारलेलं स्ट्रेप्टोसायक्लिन डिंक्याला काहीच करत नाही, पण पानावरच्या आणि मातीतल्या हजारो जिवाणूंमधून दाद न देणारे तेवढे निवडून मागे ठेवतं.

तोंडी परीक्षेत अडवण्यासाठी विचारतात तेही सांगून ठेवतो. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग ती आदिकेंद्रकी का? नाही. ती तयार होताना केंद्रक होतं, पक्व होताना बाहेर टाकलं गेलं. सिकलसेलच्या तपासणीत काचपट्टीवर दिसणाऱ्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचंही तेच. झाडाच्या अन्नवाहिनीतली चाळणपेशीही अशीच. जिवाणू नेहमी सूक्ष्मच असतो का? 2022 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांच्या खारफुटीतून थायोमार्गरिटा मॅग्निफिका नावाचा साधारण 1 सेंटिमीटर लांबीचा जिवाणू नोंदवला गेला, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. आणि सगळे आदिकेंद्रकी म्हणजे जिवाणू का? तेही नाही. कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये आर्किया हा वेगळा गट दाखवून दिला. जून 2020 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणीत तो रंग मीठप्रेमी आर्कियाचा असल्याचं सांगितलं. तुमच्या गोबर गॅसमधला मिथेन बनवणारेही आर्कियाच. त्यांना केंद्रक नाही, पण डीएनएवरून संदेश उतरवण्याची यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्याशी जास्त जुळते. त्यांच्या भित्तिकेत जिवाणूच्या भित्तिकेतलं पेप्टिडोग्लायकन नसतं, म्हणून पेनिसिलिनसारखं औषध त्यांच्यावर चालत नाही.

आता डबा घेण्याआधी घरी काय बघायचं ते. टोमॅटो, वांगं किंवा मिरची अचानक हिरवीच मान टाकत असेल तर खोड बुडाजवळ तिरपं काप आणि स्वच्छ काचेच्या ग्लासात पाण्यात टोक बुडवून उभं धर. काही मिनिटांत दुधट धागा खाली उतरताना दिसला तर जिवाणू. खैऱ्याचा ठिपका कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात कापून बघ, कडेनं ढग बाहेर पडताना दिसेल. ठिपक्याचा तुकडा ओल्या टिपकागदावर बंद डबीत रात्रभर ठेवल्यावर कापसासारखे धागे आले तर बुरशीची शंका घ्यायची. पण फक्त धाग्यांवर निकाल देऊ नकोस. फायटोफ्थोरालाही धागे असतात, आणि ज्यापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तो स्ट्रेप्टोमायसिस हा चक्क धाग्यांनी वाढणारा जिवाणू आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर वावरातून येणारा वास त्याच्याच कुळाचा.

प्रयोगशाळेत वसाहत वाढवता आली तर 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात थोडी वसाहत घोट आणि सुई वर उचल. चिकट तार आली तर जिवाणू ग्रॅम-ऋण, म्हणजे पातळ भित्तिकेच्या गटातला. त्याची पातळ भित्तिका फुटून डीएनए बाहेर आलेला असतो; ती तार म्हणजे डीएनएच. झँथोमोनासची तार येते, बॅसिलसची येत नाही. ग्रीनिंगचा जिवाणू मात्र असा वाढवता येत नाही, त्यासाठी पानाच्या शिरेची पीसीआर तपासणी, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणीच लागते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचार.

राहिला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियमचा प्रश्न. दोन्ही पाकिटांवर "जैविक" लिहिलेलं असलं तरी ट्रायकोडर्मा बुरशी आहे आणि रायझोबियम जिवाणू, त्यामुळे दोघांना मारणारी औषधं वेगळी. एकमेकांबरोबर ते चालतात. ट्रायकोडर्मा लावलेल्या बियाण्याला कार्बेन्डाझिम लावू नकोस, ट्युब्युलिन त्याच्याकडेही आहे. रायझोबियम कार्बेन्डाझिमनं त्या वाटेनं मरत नाही, पण बाकीची बरीच बुरशीनाशकं आणि तांबं त्याला बाधतं. रासायनिक बीजप्रक्रिया करायचीच असेल तर क्रम असा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि पेरणीच्या आधी शेवटी जिवाणू संवर्धक. बियाणं सावलीत सुकव, उन्हात नको. सोयाबीनला सोयाबीनचंच पाकीट घे, तुरीचं किंवा हरभऱ्याचं उरलेलं चालत नाही, प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. पाकिटावरची मुदत वाच, आणि ते गाडीच्या डिकीत ठेवून भर दुपारी वरुडहून गावापर्यंत आणू नकोस.